न्हावा-शेव्याचं फाटक अडलं!

मुलांनो, घारापुरीची लेणी पाहायला तुमच्यापैकी बरेच जण सहलीला गेले असतील. त्या बेटावरून मुंबईच्या उलट दिशेला, उरणकडे नजर टाकली की जिराफांसारख्या माना वर करून उभ्या असलेल्या क्रेनांची रांग दिसते. ते आपल्या रायगड जिल्ह्यातलं न्हावा-शेवा बंदर. न्हावा आणि शेवा ही इथल्या दोन गावांची नावं. बंदराचं कागदोपत्री नाव जवाहरलाल नेहरू बंदर, पण उरण-पनवेलची माणसं अजून त्याला 'जेएनपीटी'च म्हणतात. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झालं. नाशिकची द्राक्षं युरोपला निघतात ती इथूनच, आणि परदेशातून येणारी यंत्रं, सुटे भाग, रसायनं उतरतात तीही इथंच. सगळा माल मोठाल्या लोखंडी पेट्यांत बंद. या पेट्या म्हणजेच कंटेनर.

रेल्वे स्टेशनात जसे वेगवेगळे प्लॅटफॉर्म असतात तशी या बंदरात वेगवेगळी टर्मिनल्स आहेत आणि ती वेगवेगळ्या कंपन्या चालवतात. त्यातलं एक 'गेटवे टर्मिनल्स इंडिया'. डेन्मार्कची मर्स्क ही जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक. तिचीच 'एपीएम टर्मिनल्स' ही कंपनी आपल्याकडच्या कंटेनर कॉर्पोरेशनच्या भागीदारीत हे टर्मिनल चालवते.

मंगळवार, २७ जून २०१७. कोकणात ऐन पावसाळा. त्या दिवशी दुपारनंतर या टर्मिनलचं काम एकाएकी थांबलं. संप नव्हता, वादळ नव्हतं, क्रेनचा एक दोरसुद्धा तुटला नव्हता. थांबले होते ते कॉम्प्युटर. पडदे काळे झाले होते आणि त्यावर लाल अक्षरांत इंग्रजी मजकूर उमटला होता : तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप लावलंय, किल्ली हवी असेल तर ३०० डॉलर टाका!

आता तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटर बंद पडले तर पडले. क्रेन आहे, क्रेन चालवणारे काका आहेत, ट्रक आहे. उचला पेटी आणि ठेवा ट्रकवर! पण कोणती पेटी? इथंच तर सगळी गोची आहे. टर्मिनलच्या आवारात हजारो पेट्या एकमेकींवर चार-चार, पाच-पाच रचलेल्या असतात. बाहेरून सगळ्या सारख्या. फरक फक्त नंबराचा. समजा, तुमच्या शाळेच्या ग्रंथालयातल्या सगळ्या पुस्तकांना एकाच रंगाचं कव्हर घातलंय, कपाटांवरच्या चिठ्ठ्या काढल्यात आणि नोंदवहीही गायब आहे. अशा वेळी 'श्यामची आई' शोधून दाखवा बरं! कोणती पेटी कोणत्या रांगेत, कितव्या थरात, कुणाची, कस्टमची परवानगी मिळाली की नाही, कोणत्या जहाजावर कुठे चढवायची, हे सगळं त्या टर्मिनलच्या संगणकालाच ठाऊक. फाटकावर आलेल्या ट्रकला आत घ्यायचं की नाही हेही तोच सांगतो. तो मुका झाला आणि फाटक अडलं.

उगम युक्रेनमध्ये

हे संकट आलं कुठून? हजारो किलोमीटर दूर असलेल्या युक्रेन या देशातून. तिथल्या अनेक कंपन्या कराचा हिशेब करायला 'एम. ई. डॉक' नावाचा एक प्रोग्राम वापरत. आपल्या मोबाइलमधल्या अॅपना जसे अपडेट येतात तसे या प्रोग्रामलाही येत. हल्लेखोरांनी अपडेट पाठवणाऱ्या सर्व्हरचाच ताबा घेतला आणि अपडेटच्या वेषात विषारी प्रोग्राम पाठवून दिला. मर्स्कच्या युक्रेनमधल्या ओडेसा शहरातल्या कार्यालयात एका, अगदी एकाच कॉम्प्युटरवर हा हिशेबाचा प्रोग्राम होता. तेवढी फट पुरली. तिथून तो विषारी प्रोग्राम कंपनीच्या जगभर पसरलेल्या जाळ्यात शिरला आणि काही मिनिटांत कोपनहेगनपासून न्हावा-शेव्यापर्यंत पोचला. मर्स्कच्या ७६ टर्मिनल्सपैकी १७ टर्मिनल्सना फटका बसला.

त्याच्या नावाची गंमत ऐका. आधी तज्ज्ञांना वाटलं, हा तर 'पेट्या' नावाचा जुना व्हायरस! मग नीट पाहिलं तर तो नव्हता. म्हणून नाव पडलं 'नॉटपेट्या', म्हणजे 'पेट्या नव्हे तो'!

पण कुणीही बटण न दाबता, कुणीही काही न उघडता तो एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर उडी कशी मारत होता? ते कळायला आपण बंदराच्याच फाटकावर जाऊ.

समजा, फाटकावर एक छापील पास आहे. त्यावर वरती एक चौकट : 'मालाचे नाव'. तिच्या खालीच दुसरी चौकट : 'साहेबांचा हुकूम'. वरच्या चौकटीत ट्रकवाल्याने लिहायचं, खालच्यात फक्त साहेबांनी. फाटकावरचे कारकून इमानदार, पण भोळे. खालच्या चौकटीत जे लिहिलं असेल ते डोळे मिटून करायचं, एवढंच त्यांना माहीत. आता पास छापताना वरच्या चौकटीचं माप चुकलं आणि ती तोकडी झाली. एक लबाड ट्रकवाला आला. त्याने मालाचं नाव मुद्दाम इतकं लांबलचक लिहिलं की त्याची शेवटची अक्षरं घसरत खालच्या चौकटीत गेली. तिथे वाचायला मिळालं, 'सगळ्या गोदामांच्या किल्ल्या या माणसाला द्या'. कारकुनांनी सलाम ठोकला आणि किल्ल्या दिल्या!

सर्व्हर नावाचा मोठा कॉम्प्युटर हा असाच भोळा कारकून. दुसऱ्या कॉम्प्युटरकडून आलेली माहिती ठेवायला तो आधी तिची लांबी मोजतो आणि तेवढी जागा राखतो. विंडोजमध्ये फायली आणि प्रिंटर सगळ्यांना मिळून वापरता यावेत म्हणून एक फार जुनी सोय होती. त्या सोयीत या लांबीच्या गणितात चूक राहून गेली होती. जागा लहान, माहिती मोठी. जास्तीची माहिती सांडून नको तिथे गेली आणि सर्व्हर ती माहिती म्हणून नव्हे, हुकूम म्हणून पाळू लागला. दुरून कुणीतरी पाठवलेला हुकूम आपल्या यंत्रावर चालणं, यालाच तज्ज्ञ 'रिमोट कोड एक्झिक्युशन' म्हणतात. दोषांमधला हा सगळ्यांत वाईट प्रकार. कारण यात तुम्ही काहीही चूक करावी लागत नाही. यंत्र चालू आहे आणि जाळ्याला जोडलेलं आहे, एवढंच पुरतं.

आणखी एक मजा. कॉम्प्युटरलाही 'पोर्ट' असतात, बरं का! जहाजांच्या बंदराला इंग्रजीत पोर्ट म्हणतात, तोच शब्द. माहिती आत-बाहेर करण्याची ही दारं, ० ते ६५५३५ अशा क्रमांकांची. फायली वाटून घेण्याचं दार क्रमांक ४४५. बंदर बंद पाडणारा चोर आला तोही असा एका पोर्टमधूनच!

साडेतीन महिने हातात होते

ही चूक कुणालाच ठाऊक नव्हती असं नाही. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेला ती आधीच सापडली होती. त्यांनी मालकाला, म्हणजे मायक्रोसॉफ्टला, ते सांगितलं नाही. उलट तिचा फायदा घेणारं एक हत्यार बनवलं आणि बराच काळ लपवून ठेवलं. त्याचं नाव 'इटर्नलब्लू'. पुढे एनएसएच्याच कपाटातली हत्यारं चोरीला गेली. शेजाऱ्याचं दार मोडकं आहे हे माहीत असून गप्प बसायचं आणि त्याची बनावट किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती जाहीर केली. अशा दुरुस्तीला 'पॅच' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत ठिगळ. त्याच्या पुढच्याच महिन्यात, १४ एप्रिलला, 'शॅडो ब्रोकर्स' नावाच्या टोळीने ते चोरीचं हत्यार सगळ्या जगासमोर मांडलं. १२ मेला त्याच हत्यारावर बेतलेला 'वॉनाक्राय' सुटला आणि दीडशेहून जास्त देशांत धुमाकूळ घातला. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. मार्कस हचिन्स या २२ वर्षांच्या तरुणाला त्या प्रोग्रामच्या पोटात एका अस्तित्वात नसलेल्या वेबसाइटचं नाव दिसलं. त्याने ते नाव थोड्याशा डॉलरांत स्वतःच्या नावावर नोंदवलं आणि काय आश्चर्य, वॉनाक्रायचा फैलाव थांबला! नॉटपेट्याला मात्र असली खुंटी नव्हती.

१४ मार्च ते २७ जून. मोजून १०५ दिवस. ठिगळ हातात होतं, महिन्याभरापूर्वी जगाला दणकाही बसला होता, तरी अनेक ठिकाणी ते लावलं गेलं नव्हतं. का? आळस हे एक उत्तर झालं, पण सगळीकडे तेच खरं नाही. ज्यांचे आईबाबा बँकेत, कारखान्यात किंवा इस्पितळात काम करतात त्यांनी घरी विचारून पाहा. मोठ्या ठिकाणी यंत्रणा दिवसरात्र चालते. ठिगळ लावायचं तर सर्व्हर थोडा वेळ थांबवावा लागतो. कधीकधी ठिगळामुळे एखादा जुना प्रोग्राम रुसतो, म्हणून आधी दुसऱ्या यंत्रावर चाचणी घ्यावी लागते. जहाज धक्क्याला लागलेलं असताना 'तासभर थांबा हो' असं कप्तानाला कोण सांगणार? मग होतं पुढच्या रविवारी करू, त्याच्या पुढच्या रविवारी करू...

शिवाय नॉटपेट्याजवळ दुसरीही युक्ती होती. एका कॉम्प्युटरमध्ये शिरला की तो त्याच्या स्मृतीत उरलेले पासवर्ड उचलायचा. त्यात एखाद्या व्यवस्थापकाचा पासवर्ड सापडला, की चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! मग शेजारच्या यंत्राला ठिगळ लावलेलं असलं तरी हा सरळ पुढच्या दाराने, किल्ली फिरवून आत. म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव यंत्रांना ठिगळ लावून राहिलेल्या एकाने घात केला, असं घडू शकत होतं.

आणि ते ३०० डॉलर? भरून काही उपयोग नव्हता. कुलूप असं लावलं होतं की त्याला किल्लीच नव्हती. खंडणी हे नुसतं सोंग. खरा हेतू नासधूस करण्याचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने या हल्ल्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला. रशियाने तो नाकारला. नेम युक्रेनवर होता, पण भरडलं गेलं सगळं जग, आणि त्यात आपलं उरणही.

कागद, पेन्सिल आणि घानाची वीज

मग सावरलं कसं? पहिलं काम एकच : तोडा! कोपनहेगनच्या मुख्य कार्यालयात माणसं ओरडत धावत सुटली, बैठकांमध्ये घुसली आणि कॉम्प्युटरच्या तारा उपटू लागली. आग लागली की शेजारची गंजी आधी बाजूला ओढतात, तसंच हे. जगभरची जोडणी तोडायला तरी दोन तासांहून जास्त वेळ गेला.

इकडे न्हावा-शेव्याला हाताने काम करायचे प्रयत्न सुरू झाले. येणारी काही जहाजं बंदरातल्या शेजारच्या टर्मिनल्सकडे वळवण्यात आली. माल घेऊन निघालेले ट्रेलर तर रस्त्यात होतेच. रस्ता तुंबू नये म्हणून ते उभे करायला बंदराने जादा जागा शोधली. उरणच्या रस्त्यांवर ट्रेलरच्या रांगा लागल्या की काय हाल होतात, हे तिकडच्या मुलांना वेगळं सांगायला नको. कंपनीचे लोक जगभर खासगी मोबाइलवरून, व्हॉट्सअॅपवरून निरोप पाठवून मालाची नोंद घेऊ लागले. कंपनीच्या अध्यक्षांनीच पुढे सांगितलं की सरासरी दर १५ मिनिटांना मर्स्कचं एक जहाज जगातल्या कुठल्या तरी बंदरात शिरतं. असल्या पसाऱ्याची नोंद कागदावर! तरीही त्या दिवसांत मालाची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनीच घटली. बाकीची माणसांनी हाताने ओढून नेली. मला तर या सगळ्या हकिकतीत हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

इंग्लंडमधल्या मेडनहेड गावी कंपनीने युद्धपातळीवर दुरुस्तीचं केंद्र उघडलं. तिथे एक भयंकर गोष्ट लक्षात आली. कंपनीच्या जाळ्यात कोण कोण आहे आणि कुणाला कुठे जायची परवानगी आहे, याची यादी ठेवणारे खास सर्व्हर असतात. शाळेचा हजेरीपट आणि किल्ल्यांचा जुडगा एकत्र, असं समजा. जगभर असे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते. एक गेला तर दुसऱ्यावरून नक्कल काढता येईल, ही कल्पना. पण सगळे एकदमच जातील असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आभाळच फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार?

शोधाशोध सुरू झाली. शेवटी आफ्रिकेतल्या घाना देशात एक सर्व्हर जिवंत सापडला. कसा वाचला? हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती! यंत्र बंद होतं, जाळ्यापासून तुटलेलं होतं, म्हणून चोराला ते दिसलंच नाही. वीज गेली की आपण किती कुरकुर करतो, नाही का?

पण तिथलं इंटरनेट इतकं मंद होतं की ती माहिती इंग्लंडला पोचायला कित्येक दिवस लागले असते. बरं, माणूस पाठवावा, तर घानाच्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग शर्यतीतली काठी एका हातातून दुसऱ्या हातात देतात तसं झालं. घानाचा माणूस हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, विमानतळावर त्याने ती दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती दिली आणि तो लंडनच्या विमानात बसला. त्या हातातल्या डबीवर सगळ्या कंपनीची भिस्त होती!

त्यानंतर दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० कॉम्प्युटर आणि २,५०० प्रोग्राम नव्याने उभे केले गेले. नुकसान झालं २५ ते ३० कोटी डॉलर.

तुमच्या खेळातही

असा दोष फक्त बंदरात आणि कचेऱ्यांतच सापडतो असं समजू नका. तुमच्यापैकी काही जण माइनक्राफ्ट खेळत असतील. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालं की त्या खेळाच्या गप्पांच्या खिडकीत एक विशिष्ट ओळ टाइप केली, की सर्व्हर ती हुकूम म्हणून पाळत होता! मूळ दोष होता 'लॉग४जे' नावाच्या छोट्याशा फुकट प्रोग्राममध्ये. घडलेल्या गोष्टींची डायरी लिहिणं एवढंच त्याचं काम. तो जगभरच्या असंख्य सर्व्हरमध्ये बसवलेला होता. दोषांना ० ते १० असे गुण देतात. इथे जास्त गुण म्हणजे जास्त वाईट! लॉग४जेला पुरे १० मिळाले. त्याची देखभाल करणारे काही स्वयंसेवक रात्री जागून दुरुस्ती करत बसले. जुलै २०२५ मध्ये कचेऱ्यांतल्या शेअरपॉइंट सर्व्हरमध्ये असाच दोष निघाला, ९.८ गुणांचा. तिथे नुसतं ठिगळ पुरलं नाही. चोरांनी आधीच गुप्त किल्ल्यांच्या नकला करून घेतल्या होत्या, म्हणून किल्ल्याही बदलाव्या लागल्या.

आपल्या देशात यावर लक्ष ठेवायला 'सर्ट-इन' ही सरकारी संस्था २००४ पासून आहे. धोक्याचे इशारे ती देते, आणि २०२२ च्या नियमानुसार असा हल्ला कळल्यापासून सहा तासांच्या आत तिला खबर द्यावी लागते. त्याच वर्षी फेब्रुवारीत न्हावा-शेवा बंदरातल्या दुसऱ्या एका टर्मिनलची यंत्रणा सायबर हल्ल्याने बंद पडली होती आणि पुन्हा जहाजं शेजाऱ्यांकडे वळवावी लागली.

आता एक गंमत करून पाहा. पनवेलजवळ हमरस्त्यावर ट्रेलर दिसला की त्याच्या पेटीवरचा नंबर टिपून घ्या. चार इंग्रजी अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी बहुधा चौकटीत एक आकडा. हा शेवटचा आकडा मनाला येईल तो नसतो. कारकुनाने नंबर चुकीचा उतरवला तर पकडता यावा म्हणून तो गणिताने काढलेला असतो. उदाहरणार्थ, सी-एस-क्यू-यू ३०५४३८, आणि चौकटीत ३. अक्षरांना किंमती ठरवून दिल्या आहेत : सी म्हणजे १३, एस ३०, क्यू २८, यू ३२. या चार किंमती आणि पुढचे सहा आकडे क्रमाने १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६ आणि ५१२ ने गुणायचे आणि बेरीज करायची. बेरीज येते ६१८५. तिला ११ ने भागा. बाकी ३. चौकटीतला आकडा जुळला! आता ३०५४३८ ऐवजी घाईत ३०४५३८ लिहिलं गेलंय असं समजा आणि तेच गणित पुन्हा करा. बाकी १ येते, आणि फाटकावरचे काका म्हणतात, "थांबा, नंबर परत वाचा!"